बंदर ओळखणारा सरखेल : कान्होजी आंग्रे

कल्याणच्या खाडीत 1657 नंतर शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला घेतली आणि मराठी आरमार सुरू झालं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण ते आरमार पुढे तीस वर्षं समुद्रावर ज्यांनी ताठ ठेवलं, ते कान्होजी आंग्रे.

जन्म 1669 चा. वडील तुकोजीही आरमारातलेच. 1698 मध्ये सिधोजी गुजर वारल्यावर आरमाराची जबाबदारी कान्होजींकडे आली. किनारा त्यांना तळहातासारखा माहीत होता, आणि खरं बळ तिथंच होतं. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जड, पण त्यांना पाणी खोल लागायचं. कान्होजींची गुराबं आणि गलबतं उथळ बुडाची. वारा पडला की वल्ही मारायची, आणि अंगावर आलं की खाडीत शिरायचं. मोठं जहाज मागून आलं तर गाळात रुतणार. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारून खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. कोळी बांधव आजही हाच हिशेब धरतात.

म्हणून मुक्कामाची बंदरं त्यांनी पारखून धरली. मुंबईच्या तोंडावर खांदेरी, तिथून येणारं जाणारं प्रत्येक शीड दिसायचं. अलिबागला कुलाबा, ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चहूकडे पाणी. हर्णैला सुवर्णदुर्ग. आणि सगळ्यात भक्कम विजयदुर्ग, आत वाघोटणची खाडी. पावसाळ्यात समुद्र बंद असताना जहाजांना तिथं आसरा, जवळच गिर्ये इथं दुरुस्तीची गोदी.

या किनाऱ्यावरून जायचं तर कान्होजींचं दस्तक घ्या, असा त्यांचा नियम. इंग्रजांना तो मान्य नव्हता, म्हणून ते त्यांना चाचा म्हणायचे. स्वतः मात्र दुसऱ्याला परवाने द्यायचेच! 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांकडे आले आणि सरखेलपद कायम झालं. मग चाचा कसले?

1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून गेला, हात हलवत परतला. 1720 ला विजयदुर्गावर आला, तेच झालं. 1721 ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. ठाणे, वसई तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात, म्हणजे शत्रू अगदी शेजारी. बाजीराव पेशवे फौज घेऊन धावले, पोर्तुगीजांनी तह केला, इंग्रज एकटे पडले.

4 जुलै 1729 ला, ऐन पावसाळ्यात, कान्होजी गेले. समाधी अलिबागेत आहे. पुढे मुलांत भाऊबंदकी माजली. 1756 मध्ये पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्ग पाडला, आणि आंग्र्यांची जहाजं त्याच बंदरात, नांगरावर उभी असताना जळाली.