आकड्यामागील गाव : धनंजयराव गाडगीळ

स्वतंत्र भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला अधिकृत अंदाज १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९४८-४९ या वर्षी देशाचे उत्पन्न ८,७१० कोटी रुपये आणि दरडोई उत्पन्न २५५ रुपये होते. तीन वर्षांनी, १९५४ च्या अंतिम अहवालात, त्याच वर्षासाठी हे आकडे अनुक्रमे ८,६५० कोटी आणि २४६.९ रुपये असे दुरुस्त झाले. एकूण उत्पन्न एका टक्क्याहूनही कमी घटले, दरडोई उत्पन्न मात्र तीन टक्क्यांहून अधिक खाली आले. कारण भाजक, म्हणजे लोकसंख्या, आधी धरली होती त्याहून मोठी निघाली. किती माल पिकला याविषयीच्या अज्ञानाइतकेच, माणसे किती आहेत याविषयीचे अज्ञानही त्या पहिल्या आकड्यात मिसळलेले होते. ज्या तिघांच्या समितीने हे काम केले तिचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस होते, व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याचे धनंजय रामचंद्र गाडगीळ हे इतर दोन सदस्य.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरात गेले. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी होती आणि रायपूर, दुर्ग हे छत्तीसगडी जिल्हे त्याच प्रांताचे घटक होते. ज्या दुर्ग जिल्ह्यात पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, तो अशा रीतीने त्यांच्या शाळकरी वयातील प्रशासकीय नकाशातलाच भाग होय. केंब्रिज येथे त्यांनी लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि वयाच्या तेविसाव्या वर्षीच त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या अभ्यासकांत स्थिर झाले. गिरण्या आणि मळे यांच्या बरोबरीने गावच्या आणि शहरच्या कारागिरांनाही या ग्रंथात स्वतंत्र स्थान आहे. पुढील काळात त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाकडे ज्या दृष्टीने पाहिले तिचे बीज येथेच दिसते.

काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात आणि नंतर सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य म्हणून काम केल्यावर, १९३० साली ते पुण्यास आले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आवारात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले, आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांची नुसती यादी पाहिली तरी त्यांची वृत्ती कळते. पुण्यातील फळबाजाराची पाहणी १९३३ ची. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची १९३५ ची. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची १९४० ची. देशाच्या अर्थकारणावर सिद्धान्त मांडण्याची घाई येथे नाही. एका बाजारात पेरू कोठून येतो, दलाल किती घेतो, एक बस दिवसात किती मैल धावते, हे आधी विचारावे, अशी ही शिस्त आहे. १९३६-३७ मध्ये खुद्द पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये छापून आला. तोपर्यंत पुणे शहर पुष्कळ बदलले होते. पाहणीचे शास्त्र आणि पाहणीचा वेग यांतील हे अंतर त्या पिढीला चांगलेच ठाऊक होते.

१९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समितीवर नेमणूक झाली तेव्हा गाडगीळांपाशी हा वीस वर्षांचा अनुभव होता. सायमन कुझ्नेट्स, रिचर्ड स्टोन आणि डर्कसेन हे परदेशी तज्ज्ञ सल्ल्यासाठी होते. परंतु समितीपुढची खरी अडचण परदेशी शास्त्राने सुटणारी नव्हती. मोठ्या कारखान्याला कायद्याने विवरण भरावे लागे. गावच्या लोहाराला कोणतेच विवरण भरावे लागत नसे. त्याची मजुरी रोख नसून खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्याच्या रूपात असेल, तर तिची किंमत कोणत्या भावाने धरावयाची? घरचेच धान्य घरीच खाणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न कोणते? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ने १९१५ सालीच मराठी वाचकापुढे ठेवलेला बलुत्याचा व्यवहार आता राष्ट्रीय हिशेबाच्या वहीत एका रकान्यात बसवावा लागणार होता. हे एक प्रकारचे भाषांतरच होय, आणि त्यात भाषांतराचे सर्व धोके आहेत.

ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिची पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात ग्रामीण भागात पार पडली. निवडलेली गावे १,८३३ होती. त्यांपैकी १,१८९ गावांच्या माहितीचे सारणीकरण कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने केले, आणि ६४४ गावांचे पुण्याच्या गोखले संस्थेने. दोन्हीकडच्या प्रश्नावल्या वेगळ्या होत्या. पुणे प्रश्नावलीवरील अहवाल गाडगीळांचे सहकारी वि. म. दांडेकर यांनी लिहिला. एकाच देशाला एकाच वेळी दोन प्रकारे प्रश्न विचारले गेले, ही घटना इतिहासात जवळजवळ विस्मरणात गेली आहे. ती तशी जावयास नको होती. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, एवढी साधी व्याख्यासुद्धा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अन्वेषकाला प्रत्येक भाषेत नव्याने समजावून सांगावी लागते. प्रश्न बदलला की उत्तर बदलते, आणि उत्तर बदलले की देशाचा आकडा बदलतो.

पुढील फेऱ्यांत सारणीचे काम कलकत्त्यात एकवटले. पंचकार्डे आणि गणनयंत्रे यांची तेथील व्यवस्था मोठी होती. १९५६ मध्ये एच. ई. सी. २ एम हा देशातील पहिला अंकीय संगणकही तेथेच आला. प्रचंड माहिती वेळेवर हाताळण्याचे सामर्थ्य त्या यंत्रणेत होते, आणि महालनोबिसांचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पुण्याची परंपरा मात्र छोट्या, एकाच तालुक्यात खोल जाणाऱ्या पाहणीची राहिली.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी हा भेद धोरणापर्यंत पोचला. महालनोबिसांच्या प्रतिमानाने अवजड उद्योगाला अग्रक्रम दिला. भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटली. योजनेच्या अर्थतज्ज्ञ मंडळावर गाडगीळही होते. उद्योगीकरणाला त्यांचा विरोध नव्हता. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारणाऱ्या माणसाचा तो असणेही शक्य नव्हते. त्यांचा आग्रह विकेंद्रित उद्योगाचा, भावविषयक निश्चित धोरणाचा आणि जिल्हापातळीवरील नियोजनाचा होता. भिलाईसारख्या ठिकाणी त्या आग्रहाचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. पोलादाच्या उत्पादनाचे मूल्य ज्या राज्यात कारखाना आहे त्या राज्याच्या उत्पन्नात धरले जाते, मग त्याचा नफा दिल्लीस जावो. राज्याची सरासरी चढते. शेजारच्या धानाच्या शेतात राबणाऱ्याचे उत्पन्न तेवढ्याने चढतेच असे नाही.

१९६७ साली गाडगीळ योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोपर्यंत राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य बहुतांशी योजनानिहाय आणि वाटाघाटींवर अवलंबून होते. १९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने स्वीकारलेल्या सूत्रात, आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्यासाठी आधी वेगळी तरतूद करून, उरलेल्या रकमेचे साठ टक्के लोकसंख्येवर, आणि प्रत्येकी दहा टक्के दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष समस्या यांवर वाटण्याचे ठरले. दरडोई उत्पन्नाचा वाटा केवळ राष्ट्रीय सरासरीखालील राज्यांसाठी होता. ज्या आकड्याचा कच्चेपणा गाडगीळांनी समितीत बसून पाहिला होता, त्याच जातीच्या आकड्यावर आता रुपये वाटले जाणार होते. त्यांनी त्याला दहाच टक्के दिले आणि साठ टक्के जनगणनेच्या आकड्याला दिले, यात गरीब राज्यांविषयीची उदासीनता पाहणाऱ्या टीकाकारांना वेगळी बाजूही दिसावयास हवी : माणसांची मोजणी उत्पन्नाच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाची होती, आणि तिच्याविषयी राज्याराज्यांत भांडण होण्याची शक्यता कमी होती.

१९७१ साली ते पदावरून दूर झाले आणि दिल्ली सोडून पुण्याकडे परतत असताना प्रवासातच ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. १९८० च्या सुधारणेत दरडोई उत्पन्नाच्या दहा टक्क्यांचे वीस टक्के झाले.