जुन्या ट्रॅक्टरमागचे फर्ग्युसन

पुणेकरांना फर्ग्युसन हे नाव नवे नाही. महाविद्यालय आणि त्याच्या पुढून जाणारा रस्ता यांमुळे ते रोजच्या बोलण्यात असते. ते फर्ग्युसन म्हणजे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन. मात्र याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, घोड नदीवरील डिंभे धरणाच्या कालव्यांखाली, दुसऱ्याच एका फर्ग्युसनांचा वारसा शेताशेतात फिरतो आहे. त्यांचे नाव हॅरी फर्ग्युसन. त्यांच्या नावाचा ट्रॅक्टर गावोगावी असला, तरी लोकांच्या तोंडी त्या नावातील फक्त मॅसी एवढाच भाग उरला आहे. फर्ग्युसन मागे पडले.

हुतात्मा बाबू गेनू सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिंभे जलाशयातून आवर्तन सुटले, की आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील अनेक शिवारांत वाफसा एकाच सुमारास येतो. कांद्याची लागण असो वा उसाच्या सऱ्या, प्रत्येकाला ट्रॅक्टर त्याच चार-पाच दिवसांत हवा असतो. नेमक्या त्या वेळी घरचा ट्रॅक्टर नादुरुस्त होऊन गॅरेजमध्ये अडकला, तर भाड्याचा मिळत नाही आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून ऐपत असलेला बागायतदार मोठ्या ट्रॅक्टरच्या जोडीला पस्तीस अश्वशक्तीच्या आसपासचा, पंधरा-वीस वर्षे चाललेला एखादा जुना ट्रॅक्टर घेऊन ठेवतो. असा ट्रॅक्टर घेताना जाणकार माणूस नव्या रंगाला भुलत नाही. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, हे तो पाहतो. धुराचा रंग पाहतो. मग मागे नांगर जोडून तो उचलायला लावतो, इंजिन बंद करतो आणि नांगर वर टिकतो की भराभर खाली बसतो, हे पाहत उभा राहतो. हायड्रॉलिकच्या या एका परीक्षेवर बहुतेक सौदा ठरतो. ज्या रचनेची ही परीक्षा असते, ती उभी करण्यात फर्ग्युसन यांचे निम्मे आयुष्य गेले.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी उत्तर आयर्लंडमधील डाउन परगण्यात, ग्रोवेल या खेड्यात झाला. अकरा भावंडांत ते चौथे. घरची शेती आणि वडिलांची धार्मिक शिस्त, दोन्ही कडक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते शेतावर राबू लागले. पण त्या कष्टांत त्यांचे मन कधी रमले नाही. १९०२ मध्ये त्यांनी कॅनडाला जाण्याची तयारी केली होती. त्याच सुमारास थोरले बंधू जो यांनी बेलफास्टमध्ये सायकली व मोटारी दुरुस्तीचे दुकान काढले आणि हॅरी तेथे उमेदवार म्हणून दाखल झाले. शेतीला कंटाळून बाहेर पडलेला हा मुलगा पुढे शेतीच्याच यंत्राने जगाला माहीत झाला.

यंत्रांइतकेच त्यांना आकाशाचे वेड होते. स्वतः बांधलेले विमान त्यांनी ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे सुमारे १३० यार्ड उडवले. आयर्लंडच्या भूमीवरील ते पहिले विमानोड्डाण ठरले. १९११ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये मोटारींचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि काही काळाने अमेरिकी बनावटीचे ट्रॅक्टरही विकायला घेतले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई झाली आणि अधिकाधिक जमीन नांगराखाली आणण्याची निकड निर्माण झाली. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती मंडळाने ट्रॅक्टर आणि नांगर यांच्या देखभालीवर लक्ष ठेवण्याचे काम फर्ग्युसन यांच्याकडे सोपवले. विल्यम सँड्स या कुशल सहकाऱ्याला बरोबर घेऊन ते गावोगाव फिरले. त्या फिरतीत त्यांना एक मूलभूत दोष दिसला. त्या काळचा ट्रॅक्टर म्हणजे बैलांच्या जागी बसवलेले इंजिन होते. नांगर स्वतःच्या चाकांवर मागून ओढला जाई. चाकांची पकड टिकावी म्हणून ट्रॅक्टर अवजड करावा लागे आणि त्या वजनाने जमीन दबून जाई. शिवाय नांगराचा फाळ खडकाला अडकला, की मागची चाके फिरत राहत, पुढचा भाग उचलला जाई आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. अशा अपघातांत अनेकांचे प्राण गेले.

फर्ग्युसन यांनी यावर शोधलेला उपाय साधा होता. तो सिद्ध करण्यास मात्र वर्षानुवर्षे लागली. नांगर ओढायचा नाही, तो ट्रॅक्टरचाच अवयव करायचा, हे त्यांचे सूत्र होते. त्यासाठी खाली दोन दांडे आणि वर एक, अशा तीन ठिकाणी अवजार जोडण्याची रचना त्यांनी विकसित केली. जमिनीचा विरोध वाढला, की वरचा दांडा पुढे रेटला जातो. त्यामुळे ट्रॅक्टरचे पुढचे टोक उचलले जाण्याऐवजी दाबले जाते. त्याच रेट्याचा इशारा घेऊन तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा नांगर किंचित वर घेते, तेव्हा नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाके घसरत नाहीत. याच तत्त्वाचे पेटंट त्यांना १९२६ मध्ये मिळाले. आता वजनाशिवाय पकड मिळणार होती आणि हलका, स्वस्त ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात येणार होता.

१९३३ मध्ये त्यांचा पहिला पूर्ण नमुना तयार झाला. त्याला काळा रंग दिला होता. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. किंमत २२४ पौंड होती आणि बाजारातील फोर्डसन त्याहून बराच स्वस्त होता. जेमतेम साडेतेराशे ट्रॅक्टर तयार झाले. ब्राउन यांना अधिक शक्तीचे इंजिन हवे होते, तर फर्ग्युसन रचनेत तसूभरही बदल करण्यास राजी नव्हते. भागीदारी तुटली. हा हट्टी स्वभाव त्यांचे बळ होता, तसाच शत्रूही.

१९३८ च्या शरद ऋतूत ते अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले. फोर्ड यांच्या शेतावर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर टेबलावर किल्लीचे खेळण्यातले ट्रॅक्टर ठेवून त्यांनी आपले तत्त्व समजावले. फोर्ड यांनी पेटंट विकत मागितले, ते फर्ग्युसन यांनी नाकारले. अखेर दोघांनी नुसते हस्तांदोलन करून करार केला. ट्रॅक्टर फोर्ड यांनी बनवायचा आणि विक्री फर्ग्युसन यांनी सांभाळायची, असे ठरले. कागदावर काहीच आले नाही. १९३९ मध्ये बाजारात आलेल्या या संयुक्त ट्रॅक्टरची विक्री काही वर्षांतच तीन लाखांपलीकडे गेली.

फोर्ड १९४७ मध्ये निवर्तले. त्याआधीच कारभार हाती घेतलेले त्यांचे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांनी हा तोंडी करार संपवला आणि तीच हायड्रॉलिक रचना वापरून स्वतःचा ट्रॅक्टर बाजारात आणला. १९४८ मध्ये फर्ग्युसन यांनी न्यायालयात धाव घेतली. २५ कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा तो दावा चार वर्षे चालला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर मिटला. रक्कम मागणीच्या मानाने अल्प होती. तथापि एका खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाने बलाढ्य कंपनीला आपला हक्क मान्य करायला लावला होता.

दरम्यान इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात १९४६ पासून त्यांचा टीई २० हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनू लागला होता. वजन सुमारे १,१०० किलो. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक तयार झाले. शेतीचा खर्च उतरला, तर अन्न स्वस्त होईल आणि दारिद्र्य हटेल, अशी फर्ग्युसन यांची श्रद्धा होती. विक्रेत्यांना आणि शेतकऱ्यांना यंत्र नीट शिकवण्यासाठी त्यांनी प्रशिक्षण शाळा काढली. ट्रॅक्टर किती सहज हाताळता येतो हे दाखवण्यासाठी लंडनच्या क्लॅरिजेस या आलिशान हॉटेलात पायऱ्यांवरून तो चालवण्याचे धाडसही त्यांनी केले.

एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत हेच ट्रॅक्टर पट्टे बसवून नेले. मुख्य मोहीम व्हिव्हियन फुक्स यांची होती आणि हिलरींच्या तुकडीकडे त्यांच्यासाठी वाटेत साठे उभारण्याचे दुय्यम काम होते. प्रत्यक्षात ४ जानेवारी १९५८ रोजी हिलरींचे तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर आधी ध्रुवावर पोहोचले. फुक्स पंधरा दिवसांनी आले. मदतीसाठी नेलेले यंत्र मुख्य ताफ्याच्या पुढे गेले.

तोपर्यंत फर्ग्युसन स्वतः या व्यवसायातून बाहेर पडले होते. १९५३ मध्ये त्यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. सौद्याच्या वेळी दहा लाख डॉलरचा फरक नाणे उडवून मिटवण्यात आला आणि त्यात ते हरले. नव्या कंपनीच्या अध्यक्षपदी त्यांचे मन लागले नाही. वर्षभरात त्यांनी आपला हिस्सा विकून टाकला. पुढची वर्षे त्यांनी मोटारीच्या चारही चाकांना शक्ती देण्याच्या संशोधनात घालवली. निद्रानाश आणि नैराश्य यांनी त्यांना ग्रासले होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मृत्यू अपघाती होता की नाही, याचा निर्णय चौकशीतही होऊ शकला नाही.

त्याच वर्षी मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट अर्थात टॅफे ही कंपनी स्थापन झाली. तिचा १०३५ हा ट्रॅक्टर पुढे देशभर पसरला. दरम्यान तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत सगळ्याच कंपन्यांनी स्वीकारली होती. म्हणूनच आज एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टरला बसतो, आणि घरातील मोठा ट्रॅक्टर बंद पडला तरी त्याची अनेक अवजारे, थोडी हलकी निवडली की, जोडीच्या ट्रॅक्टरवर चालतात. ही अदलाबदल शक्य नसती, तर दुसरा ट्रॅक्टर ठेवण्यात फारसा अर्थच उरला नसता.

प्रत्येक लहान शेतकऱ्याच्या दारात नवा, स्वस्त ट्रॅक्टर उभा राहावा, हे फर्ग्युसन यांचे स्वप्न होते. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही आणि नव्या ट्रॅक्टरच्या किमती पाहता आजही झालेले नाही. मात्र डिंभ्याच्या कालव्याखालील एखाद्या गोठ्याशेजारी रंग उडालेला जुना ट्रॅक्टर उभा असतो. वाफसा आलेल्या दिवशी मोठा ट्रॅक्टर दगा देतो, तेव्हा त्याला नांगर जोडला जातो. नांगर उचलला जातो, टिकतो आणि शेताचे काम अडत नाही. फर्ग्युसन यांना अभिप्रेत असलेली मदत एवढीच होती. ती अजूनही मिळते आहे.