सैतान नव्हे, सांधे!

आधीच कबुली देते. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर रूममेट्स हसल्याच. या लेखात जे शुद्ध आहे ते संपादक मंडळाचं, आणि चुका माझ्या!

आमच्या शाळेत म्युझिक रूमच्या भिंतीवर एक चित्र होतं. काळे कपडे, खांद्यापर्यंत केस, गाल आत गेलेले, आणि व्हायोलिनवर कोळ्यासारखी पसरलेली बोटं. आम्ही मुली त्याला सरळ भूत म्हणायचो. टीचरनी सांगितलं की हा पागानिनी, आणि लोक समजायचे की याने सैतानाला आत्मा विकला. तेव्हा आम्हाला एवढी माहिती पुरेशी होती!

हा माणूस मला परत भेटला तो सेकंड इयरला, तेही एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. पण ते नंतर. आधी त्याची गोष्ट.

निकोलो पागानिनीचा जन्म २७ ऑक्टोबर १७८२ रोजी इटलीतल्या जेनोआ या बंदराच्या गावी झाला. वडील अंतोनिओ बंदरावर छोटामोठा व्यापार करायचे आणि मँडोलिन वाजवायचे. पाचव्या वर्षी निकोलोच्या हातात मँडोलिन आलं, सातव्या वर्षी व्हायोलिन. वडील भलतेच कडक. रियाझ कमी पडला तर मुलाला उपाशी ठेवायचे, असं पुढे त्यानेच आपल्या चरित्रकाराला सांगितलं. गावातले शिक्षक लवकरच कमी पडले, म्हणून १७९५ मध्ये वडील त्याला पार्मा शहरात अलेस्सांद्रो रोल्ला या नामवंत वादकाकडे घेऊन गेले. तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता.

वडिलांच्या धाकातून सुटल्यावर मात्र स्वारी उधळली. १८०१ पासून तो लुका शहरात राहिला. पुढे तिथे नेपोलियनची बहीण एलिझा राज्य करायला आली आणि हा तिच्या दरबारी वादक झाला. हातात पैसा आला की जुगारात जायचा. असं म्हणतात की एकदा व्हायोलिनच गहाण पडलं आणि कार्यक्रम तर तोंडावर आला! तेव्हा लिव्होर्नो गावच्या एका व्यापाऱ्याने आपलं व्हायोलिन वाजवायला दिलं, आणि ऐकल्यावर परत घ्यायलाच तयार होईना. पागानिनीचं आयुष्यभराचं लाडकं व्हायोलिन म्हणजे ग्वार्नेरी या कारागिराने १७४३ साली बनवलेलं. त्याचा आवाज इतका दणदणीत की त्याने त्याचं नाव ठेवलं 'तोफ'.

१८०९ मध्ये दरबार सोडून तो गावोगाव वाजवत फिरू लागला. १८१३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याने असा कार्यक्रम केला की इटलीभर नाव झालं. १८२० मध्ये त्याच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या २४ रचना छापून आल्या. त्यांना 'काप्रिची' म्हणतात. आजही व्हायोलिन शिकणाऱ्यांना त्या घाम फोडतात. बोट ठेवायची अंतरं अशी की साधारण माणसाला हात सरकवावाच लागतो. पागानिनी म्हणे हात जागेवर ठेवून नुसती बोटं लांबवायचा.

इथेच लोकांचं डोकं चक्रावलं. १८२८ मध्ये तो व्हिएन्नाला गेला, तिथून जर्मन मुलूख, आणि १८३१ मध्ये पॅरिस आणि लंडन. जिथे जाईल तिथे तिकिटांवर झुंबड. लंडनमध्ये तर दर इतके चढवले की वर्तमानपत्रांनी बोंब मारली. आणि जिथे जाईल तिथे अफवा त्याच्या आधी पोचलेली असायची. कोणी म्हणायचं की याने बाईचा खून केला आणि तुरुंगात एका तारेवर वाजवायला शिकला. कोणी शपथेवर सांगायचं की वाजवताना सैतान मागे उभा राहून त्याचा हात धरतो. बिचाऱ्याला खुलासे छापावे लागले! आपण साध्या आईबापाच्या पोटी जन्मलो हे पटवायला त्याने आईचं पत्रसुद्धा प्रसिद्ध केलं. अर्थात, अफवेने हॉल भरतो हे त्यालाही कळत असणारच.

या गर्दीत एक माणूस मात्र सैतान शोधत नव्हता. डॉक्टर फ्रान्चेस्को बेनाती. त्यांनी पागानिनीला तपासलं आणि १८३१ मध्ये पॅरिसमध्ये आपली निरीक्षणं छापली. निष्कर्ष अगदी साधा होता. हात नेहमीच्या मापाचाच आहे, पण सांधे आणि त्यांना धरून ठेवणारे बंध विलक्षण सैल आहेत, त्यामुळे पंजा जवळजवळ दुप्पट पसरतो. डाव्या हाताच्या बोटांची टोकाची पेरं आडवीसुद्धा वळतात. डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे. म्हणजे जे लोकांना जादू वाटत होतं, ते डॉक्टरांनी चक्क मोजून दाखवलं!

लोकांना मोजमाप नको होतं, सैतान हवा होता. आणि त्या सैतानाच्या झगमगाटात एक गोष्ट कोणालाच दिसली नाही. हा माणूस सतत आजारी होता.

खोकला जायचा नाही. १८२२ च्या सुमारास डॉक्टरांनी गुप्तरोगाचं निदान करून पारा आणि अफू सुरू केली. पारा हा त्या काळचा इलाज, पण ते विषच. १८२८ मध्ये प्रागला जबडा इतका सडला की खालचे सगळे दात काढावे लागले. डोळे अधू झाले म्हणून निळ्या काचांचा चष्मा आला. पोटाचं दुखणं होतं, त्यावर तो जुलाबाचं एक जालीम औषध स्वतःच पीत सुटला. म्हणजे ती भुतासारखी काया, आत गेलेलं तोंड, मेणासारखा रंग, हे सगळं दुखण्याचं होतं. प्रेक्षक मात्र त्यालाच शोचा भाग समजून टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम रद्द झाले की पैशासाठी नाटकं करतो असं बोलायलाही लोक मोकळे.

घरचं सुखही बेताचंच. अंतोनिया बियांकी या गायिकेपासून त्याला १८२५ मध्ये मुलगा झाला, आकिले. १८२८ मध्ये दोघं वेगळे झाले आणि मुलगा बापाजवळ राहिला. सगळ्या युरोपभर हा कंजूष म्हणून बदनाम असलेला माणूस मुलाला बरोबर घेऊन फिरला.

१८३४ नंतर मोठे दौरे थांबले. त्याच वर्षी त्याने बर्लिओज या तरुण फ्रेंच संगीतकाराला व्हायोला वाद्यासाठी रचना करायला सांगितली होती. पण त्यात एकट्याने वाजवायला फारच कमी आहे म्हणून ती नाकारली. पुढे १८३८ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये त्याने तीच रचना पहिल्यांदा ऐकली. तोपर्यंत घशाच्या रोगाने त्याचा आवाज पूर्ण गेला होता. तेरा वर्षांचा आकिले बापाच्या तोंडाला कान लावायचा आणि ऐकलेलं मोठ्याने सांगायचा. त्या दिवशी कार्यक्रमानंतर पागानिनी मुलाला घेऊन रंगमंचावर गेला. कौतुक शब्दात पोचेना, म्हणून सगळ्या वादकांसमोर बर्लिओजपुढे गुडघे टेकले. दोन दिवसांनी आकिले बर्लिओजच्या घरी एक चिठ्ठी घेऊन गेला. आत २०,००० फ्रँकची देणगी होती! बर्लिओजचं कर्ज फिटलं, आणि मिळालेल्या सवडीत त्याने 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही सिंफनी लिहून पागानिनीला अर्पण केली. ती ऐकायला मात्र पागानिनी पॅरिसला येऊ शकला नाही.

२७ मे १८४० रोजी नीस शहरात तो गेला. वय ५७. शेवटच्या धार्मिक विधीविना गेला म्हणून तिथल्या बिशपनी ख्रिस्ती दफनाला परवानगी नाकारली. सैतानाची जुनी कुजबुज होतीच. आकिलेने वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या केल्या, शवपेटी इथून तिथे हलत राहिली. अखेर १८७६ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी, पार्माच्या स्मशानभूमीत त्याला जागा मिळाली.

आता दवाखान्याकडे वळते.

शाळेत असताना मी अंगठा वाकवून मनगटाला टेकवायचे. करंगळी मागे पार उभी करायचे. मधल्या सुट्टीत घोळका जमायचा, टाळ्या पडायच्या. कॉलेजला आल्यावर तेच सांधे उलटले. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना अंगठा जागचा सरकला. ट्रेनमध्ये वरच्या बर्थवरून बॅग ओढली आणि खांदा निखळला. पुढे हे नेहमीचंच झालं. खांदा बसवला की दोन-चार दिवसांत सूज उतरते, हात दिसायला धडधाकट, पण आतली दुखण्याची कळ रात्री झोपू देत नाही. आजी म्हणाली की नजर लागली. काही जणांना वाटलं की मुलगी प्रॅक्टिकल टाळते. खरं सांगायचं तर, मलाच वाटायला लागलं होतं की मी नाटक करत्येय की काय.

शेवटी एका डॉक्टरांनी अंगठे, करंगळ्या, कोपरं, गुडघे आणि कंबर वाकवायला लावून नऊपैकी मार्क दिले. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले आणि आनंद झाला नाही! त्यानंतर बाकीच्या तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, एहलर्स-डॅनलॉस. एहलर्स हे डॅनिश डॉक्टर आणि डॅनलॉस फ्रेंच. दोघांनी १९०१ आणि १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे पागानिनी जाऊन साठ वर्षं उलटल्यावर. शरीरातल्या पेशी-अवयवांना बांधून ठेवणारं जे ऊतक असतं, त्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन किंवा त्याची बांधणी नीट नसते. २०१७ च्या वर्गीकरणात याचे १३ प्रकार आहेत. सैल सांध्यांच्या प्रकाराचं, म्हणजे माझ्या प्रकाराचं, जनुक अजून सापडलेलं नाही. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये काही येत नाही, तपासूनच ठरवावं लागतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर बेअरिंगमध्ये प्ले जास्त. मांडवाच्या खांबाला ताणाचे दोर सैल बांधले तर खांब माणसांनी धरून उभं राहावं लागतं ना, तसंच. सांध्याचे बंध सैल, म्हणून धरण्याचं काम दिवसभर स्नायू करतात. म्हणून ते थकतात, दुखतात, आणि एखाद्या क्षणी पकड सुटते की सांधा जागेवरून जातो. कायमचा इलाज नाही. स्नायू बळकट करायचे, ओझं जपून उचलायचं, आणि दुखणं आटोक्यात ठेवायचं, एवढंच.

पागानिनीचं नाव मी पुन्हा ऐकलं ते माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडून. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन लेखकांनी मांडलं की त्याला एहलर्स-डॅनलॉस असावा. १९७८ मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या डॉक्टरांनी मारफान या वेगळ्या आजाराकडे बोट दाखवलं. माणूस गेल्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांनी असं निदान पक्कं होत नाही. पण दोन्ही तर्क ऊतकांच्या आजाराचेच आहेत, आणि दोन्हींना आधार बेनातींच्या तपासणीचा आहे.

मला सुरुवातीला वाटलं, वा! म्हणजे आपल्यातही काहीतरी दैवी आहे. मॅडमनी लगेच जमिनीवर आणलं. सैल सांधे असलेली माणसं पुष्कळ असतात, त्या २४ रचना लिहिणारा एकच झाला. तो मोठा झाला सातव्या वर्षापासूनच्या रियाझाने. सांध्यांनी त्याला बोटांची पोच दिली असेल, संगीत नाही दिलं. आजाराला वरदान म्हणणं आणि सैतान म्हणणं, दोन्हीत दुखणाऱ्या माणसाकडे बघायचं राहूनच जातं.

त्याची ती 'तोफ' त्याने जेनोआ शहराला दिली. आजही ती तिथे काचेआड आहे. हवेतला ओलावा सांभाळतात, जाणकार तिची नियमित तपासणी करतात, आणि क्वचितच कोणाच्या तरी हाती वाजवायला देतात. लाकडाला तडा जाऊ नये म्हणून इतकी काळजी! वाजवणाऱ्याच्या वाट्याला त्याच्या हयातीत यातलं किती आलं?

माझं म्हणाल तर बरं चाललंय. वर्कशॉपच्या सरांनी कागद वाचले आणि व्हाइस माझ्या उंचीला लावून दिला, जॉब वेळेत पूर्ण झाला. माझी पाण्याची बादली रूममेट न सांगता उचलते. अंगठ्याची जादू मात्र बंद केली आहे, कृपया फर्माईश करू नये.

आणि तुमच्या विंगमध्ये कोणी वारंवार सांधा दुखतो म्हणून सांगत असेल, पण बाहेरून काहीच दिसत नसेल, तर आधी बेनातींसारखं नीट बघा. हसायचंच असेल तर नंतर हसा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)