आलेस्सांद्रो व्होल्टा

आलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ साली इटलीतील कोमो गावी जन्मला. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोलत नसे, असे सांगतात. १७७६ च्या नोव्हेंबरात माज्जोरे सरोवराकाठी त्याने काठीने गाळ ढवळला. आपल्या अकोटकडेही तळ्याचा गाळ ढवळला की बुडबुडे येतात. पण ते धरून कोण ठेवतो? व्होल्टाने ते पाण्याने भरलेल्या पालथ्या बाटलीत धरले व पेटविले. निळी ज्योत उठली! तो मिथेन वायू होता. १८०० साली विद्युत्घट रचून त्याने कीर्ती मिळविली; १८२७ मध्ये तो निवर्तला. तळाशी उपजणारा हा वायू पुष्कळसा वाटेतच जिरतो, हे त्याला ठाऊक नव्हते. पाण्यातील प्राणवायूच्या साह्याने तो खाऊन जगणारे जिवाणू डच शास्त्रज्ञ सोंगेन याने १९०६ मध्ये दाखविले. आपल्या वऱ्हाडातील लोणार सरोवराच्या गाळातही ते आढळले आहेत.