श्रीसंत नामदेवमहाराज : अपराध आणि अनुताप

भक्तशिरोमणी श्री नामदेवमहाराज हे आपल्या शिंपी ज्ञातीचे परम भूषण होत. शके ११९२, म्हणजे इ. स. १२७०, ह्या वर्षी कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी व गोणाई ह्या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले गेलेले नरसी हे गाव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे, ही आम्हां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय.

महाराजांच्या चरित्रात एक कथा अशी येते की, तारुण्यात ते वाटमाऱ्यांच्या टोळीत होते. औंढ्याच्या नागनाथ मंदिरात भुकेने रडणारे मूल व त्याची दीन माता त्यांच्या दृष्टीस पडली. टोळीने ज्या चौऱ्याऐंशी स्वारांस मारले, त्यांतच आपला पती होता, असे तिने सांगितले. ते ऐकताच त्यांस असह्य अनुताप झाला. त्यांनी देवापुढे स्वतःच्याच मस्तकावर शस्त्र चालविले आणि पुढे पंढरीची वाट धरली.

ही कथा अनेक अभ्यासकांस मान्य नाही. महाराज बालपणापासूनच विठ्ठलभक्त होते, असे अभंगांतून दिसते; शिवाय विष्णुदास नामा ह्यांच्यासारख्या उत्तरकालीन कवींच्या रचनाही त्यांच्या नावावर मिसळल्या आहेत. आमचाही कल ह्याच मताकडे आहे. तथापि ह्या कथेचा उच्चार होताच आपले काही ज्ञातिबांधव मान खाली घालतात, ते मात्र आम्हांस उचित वाटत नाही. ह्या कथेतील अपराध्यास कोणी कोतवाल पकडीत नाही. एका विधवेचे दुःख ऐकून तो आपला अपराध आपल्या शिरावर घेतो. जनमानसाने ही कथा शतकानुशतके जपली, ती ह्याच कारणास्तव असावी.

समाजाची अपराधाकडे पाहण्याची दृष्टी पुढे पालटत गेली. पूर्वी गावाची राखण पाटील व जागल्या करीत. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावास भरपाई द्यावी लागे. तेथे जबाबदारी साऱ्या गावाची होती. नंतर इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्या जमातींतील निरपराध माणसांसही पोलिसांकडे हजेरी देणे भाग पडे. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु लोकांच्या मनातील संशय मात्र अद्याप पुरता गेलेला नाही. १९५८ च्या कायद्याने काही अपराध्यांस तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची सोय केली. अपराध व्यक्तीचा असतो, जातीचा नव्हे, आणि व्यक्ती सुधारू शकते, हे तत्त्व कायद्याने ह्या रीतीने मान्य केले.

महाराजांच्या उत्तरायुष्याचाही बोध हाच. गोरोबाकाकांच्या परीक्षेत कच्चे ठरल्यावर ते रुष्ट होऊन बसले नाहीत. औंढ्यास जाऊन विसोबा खेचरांस त्यांनी गुरू केले. श्री ज्ञानदेवांसमवेत तीर्थयात्रा केली. पुढे ते पंजाबात गेले व घुमान येथे दीर्घकाळ राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आदराने समाविष्ट आहेत. इ. स. १३५० मध्ये त्यांनी पंढरपुरी महाद्वारी समाधी घेतली. संतांची चरणधूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी पायरीचे स्थान पत्करले, अशी श्रद्धा आहे.

आपल्या ज्ञातीत एखादा तरुण वाट चुकतो, शिक्षा भोगून घरी येतो. पोलीस व न्यायालय ह्यांचे कार्य तेथे संपते आणि आपले सुरू होते. त्याचे कृत्य झाकणे हे जसे अनुचित, तसेच त्याच्या भावंडांची सोयरीक मोडणे व त्यास काम नाकारणे हेही अनुचितच होय. त्याने आपला दोष मान्य करावा, ज्याची हानी केली त्याची होईल तितकी भरपाई करावी आणि आपण त्यास पुन्हा पंक्तीत बसवावे. नामदेवांचे नाव सांगणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा अधिक नव्हे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.