राज्याचे विश्वस्त : सर मार्क कब्बन

सैनिकी पेशा स्वीकारणाऱ्या माणसाला घरापासून दूर राहावे लागते, हे आजही खरे आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी युरोपातून हिंदुस्थानात येणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या बाबतीत हे दूर राहणे वनवासासारखेच असे. आफ्रिका खंडाला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत. घरी धाडलेल्या पत्राचे उत्तर हाती पडेपर्यंत वर्षही उलटून जाई. आईवडील वारल्याची वार्ता आली, तरी ती महिन्यांमागची असे. अशा माणसाजवळ शिल्लक उरत ते घरून बरोबर आणलेले संस्कार. म्हैसूर संस्थानाचा कारभार सुमारे सत्तावीस वर्षे पाहणाऱ्या सर मार्क कब्बन यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. या बेटावरील मॉगोल्ड या गावी १७७५ मध्ये मार्क कब्बन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील थॉमस कब्बन हे तेथील चर्चचे धर्मगुरू होते. आई मार्गारेट ही देखील एका धर्मगुरूचीच कन्या होती. त्या काळी खेड्यातील धर्मगुरूचे काम केवळ रविवारच्या उपासनेपुरते मर्यादित नसे. जन्मलेल्या बालकाला बाप्तिस्मा देणे, वधूवरांचा विवाह लावणे, मृतांना अखेरचा निरोप देणे आणि या सर्वांची नोंद चर्चच्या वहीत करून ठेवणे ही त्याची कर्तव्ये असत. गावातील प्रत्येक कुटुंबाचे सुखदुःख त्याच्या दाराशी येई. मॉगोल्डच्या चर्चच्या आवारात हजार वर्षांहून जुने कोरीव दगडी क्रूस उभे आहेत. अशा वातावरणात मार्क यांचे बालपण गेले.

मार्क यांचे मामा कर्नल मार्क विल्क्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सेनेत अधिकारी होते. पुढे दक्षिण हिंदुस्थानाचा इतिहास लिहून त्यांनी नाव मिळविले. नेपोलियनला कैद करून सेंट हेलेना बेटावर आणले गेले, तेव्हा तेथील गव्हर्नर हेच विल्क्स होते. धर्मगुरूचा हा मुलगा तलवार हाती धरून सैन्यात गेला, त्याच वाटेने भाचाही निघाला. १८०० च्या सुमारास मार्क कब्बन मद्रास सेनेत कॅडेट म्हणून दाखल झाले.

नुकतेच १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले होते आणि टिपू सुलतानाचा शेवट झाला होता. म्हैसूरच्या गादीवर वाडियार घराण्यातील बालराजे कृष्णराज यांना बसविण्यात आले होते व मराठी भाषक दिवाण पूर्णय्या राज्य सांभाळीत होते. या म्हैसूर राज्याशी कब्बन यांचे आयुष्य कायमचे जोडले जाणार होते. मात्र त्याआधी त्यांनी दीर्घकाळ सैन्याच्या पुरवठा खात्यात काम केले. पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेतही ते याच खात्यात होते. धान्य, वैरण, बैल आणि गाड्या यांची तजवीज करणारे हे खाते रणांगणावरील पराक्रमाइतके कौतुकास पात्र ठरत नाही. परंतु पैशांचा चोख हिशेब ठेवण्याची खरी परीक्षा तेथेच होते. या परीक्षेत कब्बन उतरले.

कंपनी सरकारने १८०९ मध्ये बेंगळुरूला लष्करी छावणी वसविली. संचलनाच्या विस्तीर्ण मैदानाभोवती बराकी, बंगले व बाजार उभे राहिले. छावणीतील ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी सेंट मार्क चर्च बांधले गेले आणि १८५१ मध्ये मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ट्रिनिटी चर्च उभे राहिले. साध्या गोऱ्या शिपायांपैकी मोजक्याच जणांना पत्नीला सोबत आणण्याची परवानगी मिळे. ज्यांची कुटुंबे येत, त्यांच्या वाट्यालाही पटकी, ताप आणि अकाली मृत्यू येत. छावणीच्या जुन्या दफनभूमीत लहान मुलांच्या थडग्यांची संख्या पाहिली, म्हणजे या कुटुंबांच्या जीवनाची कल्पना येते. लग्न, बारसे आणि अंत्यविधी या तिन्ही प्रसंगी परक्या मुलखात त्यांना आधार असे तो चर्चचा.

१८३० मध्ये म्हैसूर राज्याच्या नगर प्रांतात रयतेचा उठाव झाला. वाढीव सारा, मक्तेदारांची पिळवणूक आणि अधिकाऱ्यांची मनमानी यांना लोक कंटाळले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी १८३१ मध्ये महाराजांकडून कारभार काढून घेतला. उठावाची कारणे शोधण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यात कब्बन होते. त्यामुळे रयतेची गाऱ्हाणी त्यांना जवळून कळली. १८३४ मध्ये म्हैसूरचे कमिशनर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या घरात होते.

राज्याची कचेरी बेंगळुरूच्या किल्ल्याजवळील टिपूच्या लाकडी राजवाड्यात भरत असे. एकेकाळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या या नगरात मराठीचे वास्तव्य जुने होते. कमिशनच्या दफ्तरातही कानडीबरोबर मराठीचा वापर चाले. कब्बन यांनी महसुलाची घडी बसविताना गावोगावचे जुने कर तपासावयास घेतले, तेव्हा एक विलक्षण यादी त्यांच्यासमोर आली. लग्न केले तर कर, मूल जन्मले तर कर, त्याचे नाव ठेवले तर कर आणि जावळ काढले तरी कर! एका गावच्या लोकांना तर त्यांच्या पूर्वजांनी कोण्या पाळेगाराचा हरवलेला घोडा शोधून दिला नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कर भरावा लागत होता. नगर प्रांतातील एका ठिकाणाहून जाताना हात अंगाशी घट्ट धरले नाहीत, तर वाटसरूकडून पैसे घेतले जात. असे लहानमोठे ७६९ कर कब्बन यांच्या कारकिर्दीत रद्द झाले.

ज्या घरात नवजात बालकाचे नाव वहीत लिहिणे हे पवित्र कर्तव्य मानले जाई, त्या घरात कब्बन वाढले होते. बारशावर कर बसविणारी व्यवस्था त्यांच्या कारभारात टिकली नाही, हे म्हणूनच लक्षात राहते. स्वतः कब्बन आजन्म अविवाहित राहिले. त्यांच्या वाड्यात पाळणा कधी हलला नाही. परंतु राज्यातील हजारो गरीब घरांत पाळणा हलला की दाराशी उभा राहणारा वसुलीदार त्यांच्या काळात नाहीसा झाला.

त्यांच्या इतर कामांची व्याप्तीही मोठी होती. राज्याचे चार विभाग पाडून प्रत्येकावर जबाबदार अधिकारी नेमण्यात आला. सुमारे सोळाशे मैल लांबीचे रस्ते आणि तीनशेहून अधिक पूल बांधले गेले. त्यामुळे बैलगाड्यांना घाटातून किनाऱ्यापर्यंत जाता येऊ लागले. कॉफीवरील कर हलका केल्यामुळे डोंगराळ भागातील मळे वाढले. तारायंत्र आले. मद्रासहून निघालेला लोहमार्ग १८६४ मध्ये बेंगळुरूला पोहोचला, तो मात्र पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

धर्माच्या बाबतीत कब्बन यांच्या पिढीतील ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्यांपुढे एक अवघड प्रश्न उभा होता. हिंदू मंदिरांचे उत्सव आणि देवस्थानांची व्यवस्था यांत कंपनी सरकार भाग घेत असे. ख्रिस्ती सैनिकांना अशा समारंभांत हजर राहावयास लावणे योग्य नाही, असे मानून मद्रास सेनेचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी १८३८ मध्ये आपल्या पदाचा त्याग केला. त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला तो मार्ग पटला. कब्बन यांची जबाबदारी निराळी होती. ते ज्या राज्याचा कारभार पाहत होते, ते एका हिंदू राजाचे होते आणि तेथील बहुसंख्य प्रजा हिंदू होती. या राज्यातील मंदिरे, मठ आणि मशिदी यांची वर्षासने चालू राहिली. त्याच वेळी मिशनऱ्यांच्या शाळा आणि त्यांचा छापखाना यांनाही बेंगळुरूत वाव मिळाला. दुसऱ्याच्या ठेवीला धक्का लागू न देणे हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य होय.

बेंगळुरूत त्यांनी एक प्रशस्त निवासस्थान बांधले. आज ते कर्नाटकाच्या राज्यपालांचे निवासस्थान असून राजभवन या नावाने ओळखले जाते. उन्हाळ्यात ते नंदी टेकडीवर राहावयास जात. उमद्या घोड्यांचा त्यांना नाद होता आणि त्यांच्या घरी पाहुण्यांची ये-जा सतत असे. घरात स्वतःचे कोणी नसलेल्या या वृद्ध सेनानीने पाहुण्यांनाच आपले कुटुंब मानले असावे.

१८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटला असताना म्हैसूर शांत राहिले. तोपर्यंत कब्बन यांना लेफ्टनंट जनरल हा हुद्दा आणि सर हा किताब मिळाला होता. परंतु त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग यापुढेच यावयाचा होता. १८६० मध्ये म्हैसूरचा कारभार मद्रास सरकारच्या हाती सोपविण्याचे ठरले. तसे झाले असते, तर म्हैसूरची स्वतंत्र ओळख पुसट होऊन ते मद्रास इलाख्याचा एक भाग बनण्याची भीती होती. महाराज कृष्णराज यांनी या निर्णयास कडाडून विरोध केला. कब्बन यांनीही तो मान्य केला नाही आणि आपल्या पदाचा राजीनामा दिला.

या राजीनाम्याचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. साठ वर्षे ज्या सरकारची चाकरी केली, त्याचा हुकूम मोडणे हे शिस्तीत वाढलेल्या सैनिकाला सोपे नसते. कब्बन पंचाऐंशीच्या उंबरठ्यावर होते. मुकाट्याने निवृत्त होऊन ते सन्मानाने घरी जाऊ शकत होते. शिवाय ज्या महाराजांच्या हातून कारभार गेला, त्यांच्याच जागी कब्बन सत्ता चालवीत आले होते. दोघांचे हितसंबंध एक नव्हते. असे असूनही राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न आला, तेव्हा दोघेही एकाच बाजूला उभे राहिले. अखेर गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी तो हुकूम मागे घेतला आणि कब्बन पुन्हा कामावर राहिले.

कब्बन यांच्या कारकिर्दीला मर्यादाही होत्या. ती परकी सत्ता होती. वरिष्ठ अधिकाराच्या जागा बहुतांशी युरोपीय लष्करी अधिकाऱ्यांकडे होत्या. शिक्षणखात्याची रीतसर उभारणी त्यांच्या अखेरच्या काही वर्षांतच सुरू झाली. महाराजांना त्यांच्या हयातीत राज्य परत मिळाले नाही. वाडियार घराण्याकडे कारभार परत आला तो १८८१ मध्ये. तोपर्यंत राज्य अखंड राहिले, यात १८६० च्या त्या नकाराचाही वाटा होता.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६१ च्या फेब्रुवारीत कब्बन यांनी पद सोडले आणि ते मायदेशी निघाले. तरुणपणी सोडलेले घर ते साठ वर्षांनंतर पाहणार होते. आता प्रवास आफ्रिकेला वळसा घालून करावा लागत नव्हता. आगबोटीने सुएझपर्यंत लवकर पोहोचता येत असे. परंतु सुएझच्या पुढे जाणे त्यांच्या दैवात नव्हते. २३ एप्रिल १८६१ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा देह आइल ऑफ मॅन बेटावर नेण्यात आला आणि ज्या मॉगोल्डच्या चर्चमध्ये त्यांच्या वडिलांनी उपासना चालविली, त्याच चर्चच्या आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. घरची वाट साठ वर्षे त्यांच्यासाठी मोकळी राहिली होती. त्या वाटेने त्यांचा देह तेवढा पोहोचला.

लोकवर्गणीतून त्यांचा अश्वारूढ पुतळा तयार झाला व १८६६ मध्ये तो बेंगळुरूत उभारला गेला. १८७० मध्ये शहराच्या मध्यभागी जे विशाल उद्यान निर्माण झाले, ते पुढे कब्बन पार्क या नावाने सर्वतोमुखी झाले. दीर्घकाळ उच्च न्यायालयासमोर असलेला पुतळा २०२० मध्ये याच उद्यानात आणून बसविण्यात आला. राज्यकर्ते बदलतात, उद्यानांची नावेही बदलतात; या उद्यानालाही १९२७ मध्ये चामराजेंद्र वाडियार यांचे नाव देण्यात आले. तरीही लोकांच्या तोंडी जुने नाव राहिले आहे. सत्ता हाती असताना तिला ठेव समजून सांभाळणाऱ्याची आठवण लोक सहसा विसरत नाहीत.