सुलतानचे दोन बांबू

जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर (१८८७–१९६७) हे १९१३ मध्ये टेनेरिफ बेटावर चिंपांझींच्या अभ्यासासाठी गेले आणि महायुद्धामुळे १९२० पर्यंत तेथेच अडकले. प्राणी केवळ चुकतमाकत शिकतात, हे थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून मांडलेले मत तेव्हा प्रबळ होते. कोहलर यांचा आक्षेप मार्मिक होता. पेटीची यंत्रणाच दिसत नसेल, तर मांजराने विचार करावा कशाचा? त्यांनी सर्व साधने प्राण्याच्या नजरेसमोर ठेवली. सुलतान या चिंपांझीला दोन आखूड बांबूंनी पिंजऱ्याबाहेरचे फळ मिळेना. तासाभराने कोहलर यांनी प्रयोग थांबविला. मग खेळता खेळता दोन्ही बांबू एका रेषेत आले. सुलतानने बारीक बांबू जाडाच्या पोकळीत खुपसला आणि फळ ओढले. हे पाहिले ते राखणदाराने! परिस्थितीची मांडणी एकाएकी नव्याने दिसणे, यालाच कोहलर यांनी मर्मदृष्टी मानले. काठ्या हाताळण्याच्या पूर्वानुभवाचा मुद्दा टीकाकारांनी पुढे काढला, तो रास्तच होता.

स्वतः ज्यू नसताना १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांच्या हकालपट्टीचा त्यांनी बर्लिनच्या वृत्तपत्रात निषेध केला. साहाय्यकांची पदे वाचविण्यासाठी ते दोन वर्षे झगडले; तेथे मात्र कोणतीही युक्ती चालली नाही. १९३५ मध्ये बर्लिन सोडून ते अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात गेले.